समाजकार्यातील पर्यवेक्षण

समाजकार्यातील पर्यवेक्षण ही समाजकार्यकर्ते, समुपदेशक व मानसोपचारक यांच्या प्रशिक्षणातील एक पद्धती आहे. या पद्धतीत अनुभवी व्यावसायिक व्यक्ती प्रशिक्षणार्थीने सेवार्थीसोबत केलेल्या कामाचा ठरावीक अंतराने आढावा घेते, त्यातून त्याला शिकवते आणि त्या कामाच्या गुणवत्तेची जबाबदारीही वाहते. रुग्णालये, समुपदेशन केंद्रे व मानसोपचार या क्षेत्रांत या पद्धतीला 'क्लिनिकल सुपरव्हिजन' म्हटले जाते, तर समाजकार्य महाविद्यालयांत 'क्षेत्रकार्य पर्यवेक्षण' ही संज्ञा रूढ आहे. भारतातील व्यावसायिक समाजकार्य शिक्षणाची सुरुवात १९३६ साली मुंबईत झाली. पुढे या शिक्षणाचे केंद्र देवनार येथे स्थिरावल्यामुळे मुंबई उपनगरातील रुग्णालये, बालगृहे, पोलीस ठाणी व वस्त्या ही पर्यवेक्षित प्रशिक्षणाची प्रमुख क्षेत्रे बनली.

संज्ञा व व्याप्ती

'पर्यवेक्षण' या शब्दाचा कार्यालयीन मराठीतील अर्थ देखरेख असा आहे. समाजकार्यात हा अर्थ अपुरा पडतो. कारखान्यातील किंवा परीक्षा केंद्रावरील पर्यवेक्षक प्रत्यक्ष काम डोळ्यांनी पाहतो. समुपदेशनाची भेट मात्र बंद दाराआड, दोन व्यक्तींमध्ये होते. पर्यवेक्षकाला ती बहुधा दिसत नाही. प्रशिक्षणार्थीने सांगितलेल्या किंवा लिहिलेल्या वृत्तांतावरूनच त्याला ती समजून घ्यावी लागते. त्यामुळे न दिसणारे काम तपासण्याजोगे करणे, हा या पद्धतीचा गाभा मानला जातो.

पर्यवेक्षण हे मानसोपचाराहून वेगळे आहे. प्रशिक्षणार्थीच्या भावना, पूर्वग्रह व आयुष्यातील अनुभव यांची चर्चा पर्यवेक्षणात होते; परंतु त्यांचा सेवार्थीच्या कामावर जेवढा परिणाम होतो, तेवढ्यापुरतीच ती मर्यादित ठेवली जाते. त्यापलीकडे मदतीची गरज भासल्यास प्रशिक्षणार्थीने स्वतंत्र उपचारकाकडे जावे, असा संकेत आहे. सल्लामसलतीतही फरक आहे. सल्लागाराचे मत स्वीकारणे वा नाकारणे हे सल्ला घेणाऱ्याच्या हाती असते. पर्यवेक्षकाची सूचना मात्र प्रशिक्षणार्थीवर बंधनकारक असते, कारण सेवार्थीप्रती तोही उत्तरदायी असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पर्यवेक्षणाची मुळे एकोणिसाव्या शतकातील धर्मादाय संघटनांमध्ये आढळतात. लंडन येथे १८६९ मध्ये आणि अमेरिकेतील बफेलो येथे १८७७ मध्ये स्थापन झालेल्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायट्यांमध्ये गरजू कुटुंबांना भेटी देणारे स्वयंसेवक असत. त्यांच्या भेटींची नोंद तपासून पुढील मदत ठरवण्याचे काम सोसायटीचे पगारी कर्मचारी करीत. मेरी रिचमंड यांच्या १९१७ मधील 'सोशल डायग्नोसिस' या ग्रंथाने व्यक्तिसहाय्य कार्यातील माहिती गोळा करण्याच्या व तपासण्याच्या रीतीला शास्त्रीय बैठक दिली. व्हर्जिनिया रॉबिन्सन यांचे केवळ पर्यवेक्षणाला वाहिलेले पुस्तक १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले.

मनोविश्लेषणाच्या क्षेत्रात हाच विचार स्वतंत्रपणे विकसित झाला. बर्लिन येथे १९२० मध्ये मॅक्स आयटिंगॉन व सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या संस्थेत प्रशिक्षणार्थीने ज्येष्ठ विश्लेषकाच्या देखरेखीखाली रुग्णांवर उपचार करणे हा शिक्षणाचा आवश्यक भाग ठरला. १९४० च्या दशकात कार्ल रॉजर्स यांनी उपचारभेटींचे ध्वनिमुद्रण प्रशिक्षणासाठी वापरले. त्यामुळे प्रशिक्षणार्थीला भेटीत काय झाले असे वाटते आणि प्रत्यक्षात काय झाले, यांतील अंतर प्रथमच ऐकता येऊ लागले.

मुंबईतील विकास

अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात मुंबई शहरातील नागपाडा येथे नागपाडा नेबरहूड हाऊस हे वस्तीकेंद्र सुरू केले. त्यांच्याच पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क स्थापन झाले व ते या संस्थेचे पहिले संचालक झाले. संस्थेचा जन्मच वस्तीत काम करणाऱ्या केंद्रातून झाल्यामुळे वर्गातील अध्यापनास क्षेत्रकार्याची जोड सुरुवातीपासून राहिली.

१९३७ मध्ये या संस्थेने बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले. भारतातील अशा स्वरूपाचे हे पहिले चिकित्सालय मानले जाते. बालकाची अडचण मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता यांनी एकत्र बसून समजून घ्यावी, ही पाश्चात्त्य बालमार्गदर्शन चळवळीची रीत होती. या रीतीत एकाचे काम दुसऱ्यापुढे मांडले जाणे अपरिहार्य असे. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. भारतातील रुग्णालयीन समाजकार्याचा आरंभ या नेमणुकीपासून धरला जातो.

१९४४ मध्ये संस्थेचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था असे झाले. १९५४ मध्ये ती देवनार येथील सध्याच्या परिसरात आली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. शहरात १९५५ मध्ये निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय सुरू झाले. या संस्थांमुळे मुंबईत एकाच वेळी विद्यार्थी, प्राध्यापक-पर्यवेक्षक आणि संस्थांतील कार्यकर्ते-पर्यवेक्षक असे तिन्ही घटक उपलब्ध झाले.

मानसोपचाराच्या क्षेत्रात मराठी मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांचे उदाहरण वेगळे आहे. विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांच्याशी त्यांनी अनेक वर्षे पत्रव्यवहार केला व ही पद्धती आत्मसात केली. न्यूयॉर्क येथील एलिस यांच्या संस्थेने त्यांना पर्यवेक्षक म्हणून मान्यता दिली. पुढे त्यांनी मराठी भाषकांमध्ये या पद्धतीचा प्रसार केला.

पर्यवेक्षणाची कार्ये

अमेरिकन अभ्यासक अल्फ्रेड कडूशिन यांनी १९७६ मधील आपल्या ग्रंथात पर्यवेक्षणाची तीन कार्ये सांगितली. भारतातील समाजकार्य महाविद्यालयांतही हीच विभागणी शिकवली जाते.

१. प्रशासकीय कार्य – प्रशिक्षणार्थीला झेपेल असे काम देणे, नोंदी वेळेवर होतात का ते पाहणे, संस्थेचे नियम पाळले जातात याची खात्री करणे.

२. शैक्षणिक कार्य – सिद्धान्त व प्रत्यक्ष प्रसंग यांची सांगड घालणे, मुलाखतीची व नोंदीची कौशल्ये शिकवणे.

३. आधारात्मक कार्य – मृत्यू, हिंसा, दारिद्र्य यांच्याशी रोज संबंध येणाऱ्या प्रशिक्षणार्थीचा मानसिक ताण हलका करणे व त्याचा आत्मविश्वास टिकवणे.

ब्रिटनमधील ब्रिजिड प्रॉक्टर यांनी जवळपास हाच विचार नियमन, घडण व पुनर्भरण अशा तीन अंगांनी मांडला. तिन्ही कार्ये एकमेकांवर अवलंबून असतात. ज्याला आधार वाटत नाही तो प्रशिक्षणार्थी चुका लपवतो. लपवलेली चूक शिकवताही येत नाही आणि सेवार्थीला तिच्यापासून वाचवताही येत नाही.

कार्यपद्धती

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थी साधारणपणे आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्यासाठी नेमून दिलेल्या संस्थेत जातात. अभ्यासक्रमाच्या अखेरीस काही आठवड्यांचे सलग क्षेत्रकार्यही असते. संस्थेतील कार्यकर्ता दैनंदिन मार्गदर्शन करतो व महाविद्यालयातील प्राध्यापक नियमित पर्यवेक्षण करतो.

पर्यवेक्षणाचे प्रमुख साधन म्हणजे क्षेत्रकार्य अहवाल. त्यात भेटीचा सारांश असतो. शिवाय निवडक भेटींचा संवाद आठवून शब्दशः लिहिण्याची पद्धत आहे. या संवादाशेजारी त्या क्षणी स्वतःला काय वाटले आणि एखादा प्रश्न का विचारला, याची नोंद विद्यार्थी करतो. पर्यवेक्षक अहवाल वाचून समासात शेरे लिहितो आणि त्यावर समोरासमोर चर्चा होते. या वैयक्तिक चर्चेखेरीज चार-सहा विद्यार्थ्यांची गटचर्चा घेतली जाते. तीत एक विद्यार्थी प्रकरण मांडतो व इतर त्यावर प्रश्न विचारतात. मानसोपचारक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांत ध्वनिमुद्रण ऐकणे, पर्यवेक्षकाच्या उपस्थितीत भेट घेणे आणि प्रसंग वठवून पाहणे ही साधनेही वापरली जातात. ध्वनिमुद्रणासाठी सेवार्थीची पूर्वसंमती घेणे आवश्यक असते.

चर्चेचे स्वरूप एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. उपनगरातील एका रुग्णालयात हाताला मार लागलेली स्त्री प्रशिक्षणार्थीकडे पाठवली जाते. जिन्यावरून पडल्याचे ती सांगते. बोलता बोलता 'घरी त्रास आहे' एवढे म्हणून गप्प होते. प्रशिक्षणार्थी तिला 'काळजी करू नका, सगळे ठीक होईल' असे सांगून भेट संपवतो व अहवालात कौटुंबिक समस्या असल्याची नोंद करतो. पर्यवेक्षक येथे उत्तर सांगत नाही, तर प्रश्न विचारतो: तिने नेमका कोणता शब्द वापरला? ती गप्प झाल्यावर किती वेळ गेला? दिलासा देण्याची घाई कोणाला होती, तिला की प्रशिक्षणार्थीला? त्या वेळी खोलीबाहेर कोण बसले होते? रुग्णालयातून ती कोणासोबत व कोठे गेली? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यास त्याच दिवशी पाठपुरावा करण्याची जबाबदारी दोघांवर येते. अशा चर्चेतून प्रशिक्षणार्थीला मुलाखतीतील मौनाचा अर्थ कळतो आणि त्या स्त्रीच्या सुरक्षिततेचा प्रश्नही सुटा राहत नाही.

सेवार्थी व प्रशिक्षणार्थी यांच्यातील नात्याचे प्रतिबिंब अनेकदा प्रशिक्षणार्थी व पर्यवेक्षक यांच्या नात्यात उमटते, असे निरीक्षण हॅरोल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्ये नोंदवले. असहाय झालेल्या सेवार्थीला भेटून आलेला प्रशिक्षणार्थी पर्यवेक्षकासमोरही असहाय होऊन बसतो, हे त्याचे साधे रूप होय. पर्यवेक्षकाने हे ओळखल्यास सेवार्थीची अवस्था अधिक नेमकेपणाने समजते.

भाषेचा प्रश्न

मुंबई उपनगरात सेवार्थी मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, तमिळ, भोजपुरी अशा विविध भाषा बोलतात. अनेक अभ्यासक्रमांत अहवाल मात्र इंग्रजीत लिहिले जातात. पर्यवेक्षकाच्या हाती येणारा संवाद त्यामुळे बहुधा अनुवादित असतो. मराठीतील 'त्रास' या शब्दात सासूचे टोमणे, पैशांची अडवणूक, मारहाण व लैंगिक जबरदस्ती या सर्वांचा समावेश होऊ शकतो. 'टेन्शन' हा शब्द चिंता, नैराश्य, कर्ज किंवा झोप न येणे यांपैकी कशासाठीही वापरला जातो. 'जिवाला बरे वाटत नाही' ही तक्रार शरीराची आहे की मनाची, हे विचारल्याशिवाय कळत नाही. अनुवाद करताना प्रशिक्षणार्थी यांतील एकच अर्थ निवडतो आणि इतर शक्यता अहवालातून नाहीशा होतात. यासाठी सेवार्थीचे महत्त्वाचे शब्द मूळ भाषेतच लिहून ठेवणे हा सोपा उपाय आहे.

संबोधनालाही अर्थ असतो. वीस-बावीस वर्षांच्या प्रशिक्षणार्थीला सेवार्थी 'मॅडम', 'सर', 'ताई' किंवा 'बाळ' म्हणतो, त्यावरून त्याने नात्यात कोणते स्थान दिले आहे ते समजते. आडनाव, वस्ती व बोलण्याची ढब यांवरून जात, धर्म व वर्ग यांचे अंदाज दोन्ही बाजूंनी बांधले जातात. असे अंदाज उघडपणे तपासून पाहणे हा पर्यवेक्षणाचा भाग समजला जातो.

उपनगरातील कार्यक्षेत्रे

मानखुर्द येथील चिल्ड्रन्स एड सोसायटीची बालगृहे, पालिका रुग्णालये, शाळा आणि पूर्व उपनगरातील वस्त्या ही प्रशिक्षणाची जुनी क्षेत्रे आहेत. चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना १९२७ मध्ये झाली. पुढील काळात काही प्रकल्पांनी पर्यवेक्षणासमोर नवे प्रश्न उभे केले.

टाटा समाजविज्ञान संस्था व मुंबई पोलीस यांनी १९८४ मध्ये महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ते पोलीस यंत्रणेच्या आवारात बसून हिंसाग्रस्त स्त्रियांना मदत करतात. शहरातील पोलीस मुख्यालयात सुरू झालेला हा उपक्रम नंतर पश्चिम उपनगरातील कांदिवली येथेही पोहोचला. पुढे महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागाने तो स्वीकारला व राज्यभर त्याचा विस्तार झाला.

'दिलासा' हे रुग्णालयाधारित केंद्र २००० मध्ये वांद्रे येथील के. बी. भाभा रुग्णालयात सुरू झाले. मुंबई महानगरपालिकेचा आरोग्य विभाग आणि सांताक्रूझ येथील सेहत ही संशोधन संस्था यांचा तो संयुक्त उपक्रम होता. २००६ मध्ये पालिकेने केंद्राची जबाबदारी घेतली. नंतर घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयासह इतर पालिका रुग्णालयांत अशी केंद्रे निघाली. या अनुभवाच्या आधारे सेहतने कौटुंबिक हिंसाग्रस्त स्त्रियांच्या समुपदेशनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

अशा ठिकाणी कार्यकर्त्यावर दोन सत्ता काम करतात. पोलीस ठाण्यात किंवा रुग्णालयात शिस्त त्या यंत्रणेची असते, तर व्यवसायाची मूल्ये समाजकार्याची असतात. प्रकरण लवकर 'मिटवावे' अशी अपेक्षा यंत्रणेकडून येऊ शकते. स्त्रीला तिच्या गतीने निर्णय घेऊ देणे हे समुपदेशनाचे तत्त्व आहे. या ओढाताणीत कार्यकर्ता एकटा पडू नये म्हणून प्रशासकीय वरिष्ठ व व्यावसायिक पर्यवेक्षक या भूमिका वेगळ्या ठेवणे हितावह मानले जाते.

२०१२ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने 'आयकॉल' ही मानसिक आरोग्य दूरध्वनीसेवा सुरू केली. दूरध्वनीवर चेहरा दिसत नाही व सेवार्थी कोणत्याही क्षणी संपर्क तोडू शकतो. आत्महत्येचा विचार व्यक्त करणारा संपर्क मध्येच तुटल्यास समुपदेशकाच्या मनावर मोठा भार राहतो. म्हणून अशा सेवांत संपर्कानंतर तत्काळ बोलता येईल असा ज्येष्ठ सहकारी उपलब्ध असणे आवश्यक समजले जाते.

समवयस्क पर्यवेक्षण

तज्ज्ञांची संख्या अपुरी असलेल्या ठिकाणी सहकाऱ्यांनी एकमेकांचे काम तपासण्याची पद्धत वापरली जाते. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संगथ या संस्थेने मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना नैराश्य व मद्यपानाच्या समस्यांवरील संक्षिप्त समुपदेशनासाठी प्रशिक्षण दिले. या समुपदेशकांनी ध्वनिमुद्रित भेटी गटात ऐकून ठरावीक निकषांवर परस्परांना गुण दिले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचे गुण व तज्ज्ञांचे गुण यांत पुरेसे साम्य आढळले. निकष स्पष्ट असतील आणि काम प्रत्यक्ष ऐकले जात असेल, तर पर्यवेक्षण केवळ तज्ज्ञांपुरते मर्यादित राहत नाही, असे या प्रयोगातून दिसले.

कायदेशीर व नैतिक बाबी

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातील मनोसामाजिक कार्यकर्त्याच्या व्याख्येत समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीसोबत पर्यवेक्षित चिकित्सालयीन प्रशिक्षण असलेला दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. अभ्यासक्रम अपेक्षित आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाच्या व्याख्येतही पर्यवेक्षित प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. पदवी बंद केली. या दोन अभ्यासक्रमांना मात्र मुदतवाढ देण्यात आली. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ च्या अनुसूचीत वैद्यकीय, मनोचिकित्सा व चिकित्सालयीन समाजकार्यकर्त्यांचा समावेश आहे.

२०१७ च्या अधिनियमाने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पर्यवेक्षणात प्रकरणाची चर्चा होणे अटळ असल्यामुळे सेवार्थीला तशी कल्पना आधीच देणे, अहवालात खरे नाव व ओळख पटणारे तपशील न लिहिणे आणि गटचर्चेतील माहिती बाहेर न नेणे हे नियम पाळले जातात. एकाच वस्तीत राहणारे सेवार्थी व विद्यार्थी असतील तर केवळ नाव बदलणे पुरत नाही. गल्ली, शाळा वा व्यवसाय यांवरूनही ओळख पटू शकते.

गोपनीयतेला मर्यादाही आहेत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ नुसार बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. प्रशिक्षणार्थीही त्यास अपवाद नाही. म्हणून 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन मुलाला देऊ नये, हे पहिल्या भेटीपूर्वीच शिकवले जाते.

मर्यादा व टीका

पर्यवेक्षकच गुण देणारा परीक्षक असणे ही या पद्धतीतील मूलभूत अडचण आहे. मोकळेपणाने चूक सांगण्याची अपेक्षा आणि त्याच व्यक्तीने केलेले मूल्यमापन यांत विसंगती राहते. आठवून लिहिलेल्या संवादात विद्यार्थी नकळत, कधी जाणूनबुजूनही, स्वतःचे प्रश्न अधिक नेटके करून लिहितो. प्राध्यापकाकडे विद्यार्थ्यांची संख्या वाढली की वैयक्तिक चर्चेची जागा अहवालावरील सही घेते. संस्थेतील कार्यकर्त्याला स्वतःचे काम सांभाळून पर्यवेक्षण करावे लागते व त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण मिळतेच असे नाही.

दुसरी मर्यादा प्रशिक्षणानंतरची आहे. पदवी मिळाल्यावर अनेक कार्यकर्त्यांचे नियमित पर्यवेक्षण थांबते. त्याच सुमारास त्यांच्याकडे अधिक गुंतागुंतीची प्रकरणे येऊ लागतात. खासगी व्यवसाय करणाऱ्या समुपदेशकांना त्यासाठी स्वतः शुल्क भरावे लागते, तर स्वयंसेवी संस्थांच्या प्रकल्प अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळी तरतूद असेलच असे नसते. दर महिन्याला प्रकरण मांडण्याचे सहकाऱ्यांचे छोटे गट हा यावरील एक व्यवहार्य मार्ग आहे. गट नियमितपणे भेटत असेल आणि यशस्वी प्रकरणांबरोबर फसलेली प्रकरणेही मांडली जात असतील, तरच अशा गटांचा उपयोग होतो.